घरी जोडलेला संगणक : सुटे भाग व साठवणीची निवड

स्मरणिकेसाठी काहीतरी उपयुक्त लिहून द्या, असा संपादक मंडळींचा निरोप आला, तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर चार पाने लिहून मोकळे होणे मला अवघड नव्हते. परंतु गेल्या वर्षभरात ट्रस्टच्या सभासदांनी मला बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात थांबवून जो प्रश्न विचारला, तो निराळाच होता. "सर, पोरगा कॉम्प्युटर पाहिजे म्हणतो. तयार घ्यावा की सामान आणून घरीच जोडावा? आणि हार्डडिस्क घ्यायची की एसएसडी?" मी विज्ञानाचा शिक्षक आहे; संगणकाचा व्यापारी नव्हे, अभियंताही नव्हे. तरीपण घरचा एक आणि विद्यार्थ्यांच्या घरचे काही, असे सात-आठ संगणक या हातांनी जोडले आहेत, आणि त्या कामी एक मोठी चूकही करून बसलो आहे. ती आधी सांगतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलीसाठी पहिला संगणक जोडला. प्रोसेसर चांगला घेतला, मदरबोर्ड चांगला घेतला, कॅबिनेट तर दिसावयास ऐटदार असे घेतले. एवढ्यात पैसे संपले. तेव्हा साठवणीच्या भागाला कात्री लावली आणि जुन्या संगणकातील सात वर्षांची हार्डडिस्क "चालते आहे की" असे म्हणून नव्या पेटीत बसविली. तिच्यात माझ्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, घरातील लग्नांची छायाचित्रे होती, आणि पाऊण तासाचे एक ध्वनिमुद्रण होते. आमचे घराणे भैंशात कसे आले, पहिले घर कोठे बांधले, कापसाच्या गाड्या कोणत्या वाटेने जात, हे सारे अब्बांनी आपल्या दखनी बोलीत त्यात सांगितले होते. पुढच्याच वर्षी एका सकाळी पेटीतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला व दुपारपर्यंत डिस्क बंद पडली. हैदराबादेतील एका दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला, तो संपूर्ण संगणकाच्या किमतीहून अधिक होता, आणि माहिती परत मिळेलच अशी हमी तो देत नव्हता. ध्वनिमुद्रण गेले. अब्बा त्याआधीच गेले होते.

संगणकातील प्रोसेसर जळला तर दुसरा मिळतो, रॅम बिघडली तर दुसरी मिळते. साठवणीत जे असते ते मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. असे असता आपण खरेदीची यादी प्रोसेसरपासून सुरू करतो आणि उरल्यासुरल्या पैशांत हार्डडिस्क घेतो. माझे म्हणणे असे की, यादी उलटी करावी.

आता हार्डडिस्क म्हणजे काय ते पाहू. आपला गाव पूर्वी नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्यात होता व राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्ह्यात गेला, हे वडीलधाऱ्या सभासदांना ठाऊक आहे. (२०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे.) त्याच १९५६ साली, सप्टेंबर महिन्यात, अमेरिकेत आयबीएम कंपनीने हार्डडिस्क असलेले पहिले यंत्र बाहेर काढले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन एक टनाच्या वर होते, आणि एवढ्या अवाढव्य यंत्रात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. म्हणजे आज मोबाईलवर काढलेले एखादे छायाचित्र. पुढे आकार लहान झाला, माप अफाट वाढले, पण मूळ युक्ती तीच राहिली : चुंबकीय लेप दिलेली चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक शीर्ष वाचत-लिहीत जाते. चांगली घरगुती डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. शीर्ष व चकती यांमधील अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. चालू पेटीला पायाचा धक्का लागू नये, म्हणतात ते याचसाठी.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. फ्लॅश नावाच्या स्मृतीच्या सूक्ष्म पेशींत विद्युत्भार कोंडून माहिती ठेवतात. ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. दोहोंतील फरक आपल्या गावाच्या भाषेत सांगावयाचा तर असा : हार्डडिस्क म्हणजे कापसाचे गोदाम. हवी ती गाठ शोधण्यासाठी हमालाला गोदामात चालत जावे लागते. एसएसडी म्हणजे मुनीमजीच्या गादीमागची कप्प्यांची फळी. हात लांब केला की कागद हाती. हार्डडिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते. साटा जातीची एसएसडी ५५० पर्यंत जाते. एनव्हीएमई जातीची ३,५०० व त्याहून पुढे. परंतु घरच्या वापरात आकड्यांच्या या शर्यतीला फारसा अर्थ नाही. हार्डडिस्ककडून एसएसडीकडे गेलात तर संगणक सुरू होण्यास लागणारी दोन मिनिटे पंधरा-वीस सेकंदांवर येतात. त्यापुढे ५५० चे ३,५०० केल्याने मुलाची वही काही लवकर भरत नाही.

"एसएसडी लिहून-लिहून झिजते म्हणे" हा प्रश्न हमखास येतो. झिजते, हे खरे. पण हिशेब करा. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींवर ३०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिले, तर वर्षाला ७.३ टीबी होतात. म्हणजे ती ४१ वर्षे पुरावी. माझ्या अनुभवात एसएसडी झिजून मेलेली नाही. ती विजेच्या झटक्याने मरते, आणि मरताना टक्-टक् असा इशाराही देत नाही.

म्हणून माझी शिफारस दोहोंची आहे. विंडोज अथवा लिनक्स व रोजचे काम ५०० जीबीच्या एसएसडीवर. छायाचित्रे, चित्रफिती व जुने कागद एक-दोन टीबीच्या हार्डडिस्कवर. एकच परवडत असेल तर एसएसडी घ्या; परंतु मग बाहेरून जोडावयाची एक हार्डडिस्क सहा महिन्यांत घेण्याचा निश्चय करा.

हार्डडिस्क घेताना एक खोच ध्यानात ठेवावी. काही डिस्कांत माहितीच्या पट्ट्या कौलांप्रमाणे एकीवर एक चढवून लिहिलेल्या असतात. त्यामुळे जागा वाचते, पण लिहिलेले बदलावयाचे झाल्यास एका कौलासाठी शेजारची दहा उचलावी लागतात. यास एसएमआर म्हणतात. साध्या पद्धतीस सीएमआर. केवळ प्रत ठेवून कपाटात टाकण्यास एसएमआर चालते. रोज लिहिण्या-पुसण्यास सीएमआर घ्यावी. पेटीवर हे बहुधा छापलेले नसते. वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या रेड मालिकेतील काही डिस्कांत एसएमआर वापरल्याचे ग्राहकांना सांगितलेच नव्हते. २०२० मध्ये ओरड झाल्यावर तिला यादी जाहीर करावी लागली. म्हणून विकत घेण्यापूर्वी नमुना क्रमांक कंपनीच्या पत्रकाशी ताडून पाहावा.

मापाविषयी पालक भांडत येतात. "सर, एक टीबी म्हणून विकली आणि संगणक ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवले." येथे दुकानदार निर्दोष आहे. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ ला १०२४ ने दोनदा गुणून १,०७,३७,४१,८२४ धरते. शेर तोच, मापे दोन.

खरी फसवणूक निराळी आहे. काहीशे रुपयांत '१६ टीबी' असे लिहिलेल्या पेनड्राइव्ह व एसएसडी विकावयास येतात. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्या नियंत्रकाला खोटे माप सांगावयास शिकविलेले असते. नावे दिसतात, फाइली असल्यासारख्या वाटतात, पण खरी जागा भरली की पुढचे सारे हवेत जाते. आमच्या एका विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नाची चित्रफीत अशा ड्राइव्हवर ठेवून मूळ प्रत मोबाईलमधून पुसून टाकली होती. नवी वस्तू आणली की तिच्यात काहीही ठेवण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवावा. तो संपूर्ण जागा भरून पुन्हा वाचून पाहतो. रात्रभर लागली तरी लागू द्या. जुनी डिस्क वापरावयाची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने तिची प्रकृती पाहावी. 'रीअलोकेटेड' या ओळीतील आकडा शून्य नसेल व वाढत असेल, तर ती डिस्क खेळण्यासाठी ठेवा, ठेवणीसाठी नव्हे. २०१८ साली ही पाच मिनिटांची तपासणी मी केली नाही.

मदरबोर्डवरील एम.२ या खाचेचेही सांगितले पाहिजे. २२८० असे लिहिलेली एसएसडी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते आणि बोर्डावर आडवी बसते. परंतु खाच तीच दिसली तरी काही खाचा साटा जातीच, काही एनव्हीएमईच, तर काही दोन्ही घेतात. शिवाय कित्येक बोर्डांवर ही खाच भरली की साटाचे एक तोंड बंद होते. गेल्या वर्षी एक मुलगा हार्डडिस्क दिसत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. डिस्क ठणठणीत होती. तिची तार शेजारच्या तोंडात लावताच दिसू लागली. बोर्डाबरोबरची पुस्तिका आपण पेटीसोबत फेकून देतो, हे सारे त्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

बाकीच्या भागांविषयी थोडक्यात. रॅममध्ये डीडीआर४ व डीडीआर५ यांची खाच वेगवेगळी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून बोर्ड पाहूनच घ्यावी. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा उचलण्यास सुरुवात केली आणि रॅम व एसएसडी यांचे भाव कडाडले. २०११ मध्ये थायलंडातील पुराने कारखाने बुडाले तेव्हा हार्डडिस्कचे असेच झाले होते. बाजाराच्या तेजी-मंदीचे मी कापसाच्या गावाला काय सांगावे! जुना संगणक स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी हे पाहावे की विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. अशा संगणकावर लिनक्स उत्तम चालते.

एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नये. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॉट लिहिलेले असते, ते बहुधा लिहिण्यापुरतेच. '८० प्लस' ही खूण असलेला, नामांकित कंपनीचा घ्यावा. विजेचा झटका आला तर पहिला मार तोच झेलतो, आणि तो कच्चा असेल तर पुढचा मार डिस्कवर बसतो. त्याआधी भिंतीतील अर्थिंग तपासून घ्यावे. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या पाठीमागील बटण 'यूपीएस' या बाजूस असावे, नाहीतर वीज जाताक्षणी संगणक बंद पडतो. आणि जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी हंगाम संपला की पेटी उघडून पंखे झाडावेत. मी एका पंख्यावरून उशीच्या कोपऱ्यात भरावा एवढा कापूस काढला आहे.

खरेदी नांदेडला होते. यादी मोठी असेल तर बासरहून गाडीने सिकंदराबादेत उतरून पार्कलेनचे चिनॉय ट्रेड सेंटर गाठावे. तेथे पाच दुकानांत भाव विचारावा व जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. बिलाविना हजार रुपये वाचतात, पण तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीसाठी भांडताना कागद लागतो.

आता शेवटचा व माझ्या मते मुख्य भाग. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कांचा हिशेब प्रसिद्ध करते. त्यात दरसाल शंभरातील एक ते दोन डिस्का बंद पडतात असे दिसते. आपली डिस्क त्या एकीत आहे की नव्याण्णवांत, हे कोणीही सांगू शकत नाही. तेव्हा महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी असावी. दुसऱ्या घरी कशाला? जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, ते कोणी विसरले नसेल. कपाटातील प्रत हार्डडिस्कवरच असावी. एसएसडी विजेविना पडून राहिली की पेशींतला भार हळूहळू झिरपतो. झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा त्या धंद्याच्या मानकात आहे. आपल्या माळ्यावर मे महिन्यात ३० अंश कोठून आणावयाचे?

ट्रस्टची शिष्यवृत्तीची जुनी रजिस्टरे स्कॅन करून संगणकात ठेवण्याचा विचार चालू आहे. कितीतरी घरांतील पहिल्या शिकलेल्या मुलाचे नाव त्या पानांवर आहे, आणि शाई फिकी होत चालली आहे. त्या कामासाठी जो संगणक जोडावयाचा, त्याची यादी करताना दोन बाहेरच्या हार्डडिस्का आधी लिहाव्यात व प्रोसेसर मागाहून, एवढी विनंती मी मंडळाला केली आहे. स्कॅन झाल्यावर मूळ रजिस्टरे रद्दीत देऊ नयेत, हेही सांगून ठेवले आहे.

घरी मी अम्मीचा आवाज तीन रविवारी बसून मुद्रित केला. एक प्रत संगणकात आहे, एक कपाटात, आणि एक नांदेडला बहिणीकडे. दर ईदला बहीण येते तेव्हा तिच्या पिशवीत ती डिस्क असते. जाताना नवी भर घालून परत देतो. या खेपेस अम्मीने विचारले, "इसमें तेरे अब्बा की आवाज है क्या?" मी नाही म्हणालो. मग तिने अब्बांनी सांगितलेल्या त्या कापसाच्या गाड्यांची वाट, तिला आठवत होती तेवढी, पुन्हा सांगितली, आणि मी यंत्र चालू ठेवले.