रिपोर्ट चांगला आहे, मग झोप का लागत नाही?

ज्यांना कानात हेडफोन घालून बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे नेहमीसारखं लिखित रूप. विषय आहे एचआयव्हीसोबत जगणारे पुरुष. 'किती वर्षं जगणार?' हा प्रश्न आता जुना झालाय. उपचार वेळेवर सुरू झाले आणि गोळी चुकली नाही, तर आयुष्य जवळपास इतरांइतकंच असतं. प्रश्न आहे, ती वर्षं जातात कशी?

आधी गोळी काय करते ते बघू. एचआयव्हीचा कोड आरएनएमध्ये लिहिलेला असतो. आपल्या पेशीत शिरला की विषाणू त्या कोडची डीएनए कॉपी काढतो आणि ती पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो. गिट वापरणाऱ्यांनो, सरळ मेन ब्रँचमध्ये मर्ज! मग पेशी बिचारी आपलाच कोड समजून नवे विषाणू तयार करत बसते. सरकारी एआरटी केंद्रात बहुतेक प्रौढांना टीएलडी नावाची गोळी मोफत मिळते, दिवसाला एक. तिच्यात तीन औषधं असतात. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन कॉपी अडवतात, डोल्यूटेग्रॅव्हिर मर्ज अडवतं. पण जे आधीच मर्ज झालंय ते काही पेशींमध्ये झोपून राहतं. गोळी बंद केली की ते उठतं. म्हणून ती जन्मभर.

नियमित घेतली तर बहुतेकांचा व्हायरल लोड काही महिन्यांत इतका खाली येतो की टेस्टमध्ये विषाणू सापडत नाही. आणि सापडत नाही म्हणजे संबंधांतून तो दुसऱ्याला जातही नाही. हे कुणी धीर द्यायला म्हणत नाहीये. 'पार्टनर' या युरोपातल्या अभ्यासाचा दुसरा टप्पा 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जोडीतल्या एका पुरुषाला एचआयव्ही, लोड 200 च्या खाली, कंडोमशिवाय सुमारे 76 हजार वेळा संबंध. जोडीदाराकडून लागण झाल्याच्या केसेस शून्य. ज्या थोड्यांना लागण झाली, त्यांचा विषाणू जनुकीय तपासणीत जोडीदाराच्या विषाणूशी जुळलाच नाही. पहिल्या टप्प्यात स्त्री-पुरुष जोडपीही होती, तिथेही शून्यच. (बाकीच्या गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच, ते वेगळं.)

म्हणजे सिस्टम अप आहे, डॅशबोर्ड हिरवा आहे. पण सर्व्हर चालू आहे म्हणून युजर खूश आहे असं आपण म्हणतो का?

जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी 31 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. त्यात दुखणं आणि झोप येते, पैसा आणि प्रवासाची सोय येते, मित्रांचा आधार आणि लैंगिक आयुष्यही येतं. आणि काही प्रश्न फक्त या आजारासाठीचे: लोक दोष देतात त्याचा किती त्रास होतो? भविष्याची भीती किती वाटते? व्हायरल लोडचा आकडा यातल्या कशाचंच उत्तर देत नाही.

उदाहरणार्थ, ती गोळ्यांची बाटली. कुणी लेबल खरवडून काढतं, कुणी गोळ्या साध्या डबीत भरतं, कुणी बॅगेत आवाज होऊ नये म्हणून बाटलीत कापूस कोंबतं. केंद्रावर जायचं ते कामाच्या दिवशी, म्हणून मॅनेजरला दर वेळी नवीन कारण. तब्येत स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, आणि माझ्या मते ही सोय औषधाइतकीच महत्त्वाची आहे. तेवढी खोटी कारणं वाचतात! आणि घरी? लोड सापडत नाही हे माहीत असूनही बायकोला जवळ घ्यायची भीती वाटणारे आहेत. मूल होऊ शकतं, तेही एचआयव्हीशिवाय, हे त्यांना कुणी नीट बसवून सांगितलेलंच नसतं.

पुरुषांचा अजून एक घोळ म्हणजे उशीर. बाईची तपासणी निदान गरोदरपणात होते. पुरुषाच्या आयुष्यात असा ठरलेला थांबा नाही. तो बऱ्याचदा टीबी झाल्यावर, वजन उतरल्यावर पोचतो, आणि गेलेली ताकद भरून यायला मग वेळ लागतो.

आता नोकरी, कारण आपल्या वयात खरी धास्ती तिची. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या केसचा निकाल दिला. कामासाठी तो फिट होता, पण एचआयव्हीमुळे त्याला यादीतून काढलं होतं. तो केस जिंकला. निकालात त्याचं नाव 'एमएक्स' आणि कंपनीचं 'झेडवाय' एवढंच आहे, म्हणजे न्याय मिळाला आणि नावही झाकलेलं राहिलं. पुढे 2017 चा एचआयव्ही कायदा आला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. फक्त एचआयव्ही आहे म्हणून भेदभाव करून कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आणि डेटावाल्यांनो, ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांना त्या सुरक्षित ठेवणं बंधनकारक आहे. त्यामुळे हेल्थ चेकअपची एक्सेल शीट अख्ख्या एचआर ग्रुपला फॉरवर्ड करणं ही नुसती 'चूक' नसते.

टेस्ट करायची असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात जा. टेस्ट मोफत होते, रिपोर्ट गुप्त राहतो, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. नुसतं विचारायचं असेल तर 1097 ला फोन लावा, तोही मोफत आहे.