उष्णता आणि मृदू ऊतींची ताठरता

प्रस्तावना :
उष्णतेने मेण मऊ होते, तर अंड्यातील पांढरा बलक घट्ट होतो. सजीवांच्या मृदू ऊतींमध्ये हे दोन्ही परिणाम आढळतात. त्यांपैकी कोणता घडेल, हे ऊतीतील प्रथिने, तापमान आणि उष्णता देण्याचा कालावधी यांवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेत उष्णतेचा वापर करताना हा भेद निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचे थोडक्यात विवेचन केले आहे.

कोलॅजेनप्रधान ऊती :
कंडरा, अस्थिबंध व त्वचा यांची ताठरता मुख्यत्वे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनामुळे असते. त्याच्या रेणूतील तीन शृंखला दोराच्या पेडांप्रमाणे एकमेकींभोवती गुंफलेल्या असून हायड्रोजन बंधांमुळे ही गुंफण टिकून राहते. शेकल्यामुळे ऊतींचे तापमान काही अंशांनी वाढल्यास त्या किंचित अधिक ताणक्षम होतात व थंड होताच पूर्ववत होतात. मात्र साधारणतः ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पुढे हे बंध तुटतात, पेड उलगडतात आणि तंतू आखडतात. आखडलेली ऊती वरवर घट्ट भासते. प्रत्यक्षात ताणास विरोध करण्याची तिची क्षमता घटलेली असते. शृंखलांना परस्परांशी जोडणारे बळकट आडबंध शिल्लक असल्याने ती लगेच विरघळत नाही. दीर्घकाळ शिजविल्यास मात्र कोलॅजेनचे जिलेटिन बनते. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, ते यामुळेच.

पेशीप्रधान ऊती :
स्नायू व यकृत यांमध्ये चित्र उलट दिसते. येथे पेशींतील प्रथिने उष्णतेने उलगडून परस्परांना चिकटतात, पाणी बाहेर पडते आणि ऊती ताठर होते. यकृतातील गाठ उष्णतेने नष्ट केल्यावर तो भाग सभोवतालच्या भागापेक्षा ताठर बनतो. इलास्टोग्राफी या तंत्राने हा फरक टिपता येतो व उपचार कोठवर पोहोचला याचा अंदाज बांधता येतो.

शस्त्रक्रियेतील अनुभव :
१९९० च्या दशकात वारंवार निखळणाऱ्या खांद्यावर एक उपचार प्रचारात आला. लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने सांध्याभोवतीचे सैल आवरण आखडविले जाई. शस्त्रक्रियेच्या वेळी आवरण घट्ट दिसे. परंतु तापविलेली ऊती पुढील काही आठवडे दुर्बल राही व भार पडताच पुन्हा ताणली जाई. अनेक रुग्णांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला, तर काहींच्या सांध्यातील कूर्चेची गंभीर हानी झाली. परिणामी पुढील दशकात ही पद्धत मागे पडली.

निष्कर्ष :
आखडणे म्हणजे बळकट होणे नव्हे. ऊतीचा आकार आणि तिची ताठरता या दोन भिन्न राशी असून उष्णतेचा परिणाम दोहोंवर स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या बदलावरून उपचाराचे यश ठरविणे रुग्णाच्या हिताचे नाही.