पुढारीपणाची पहिली पायरी

मुलांनो, ‘पुढारी’ हा शब्द तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. तो ऐकताच सभेत उच्चासनावर बसलेला, गळ्यात हार असलेला आणि मोठ्या आवाजात बोलणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. अशी माणसे थोडी असतात, म्हणून पुढारीपण हे थोड्यांचेच काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटते. परंतु ही समजूत बरोबर नाही. घरात, वर्गात, खेळाच्या मैदानावर, फार काय, चार मुले मिळून ओढ्यावर पोहायला निघाली तरी त्यांच्यातला कोणीतरी एक पुढे होतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. तो पुढे कशाच्या बळावर होतो, याचा विचार आज आपण करू.

‘नेता’ हा शब्द संस्कृतातील ‘नी’ म्हणजे ‘नेणे’ ह्या धातूपासून आला आहे. जो इतरांना नेतो तो नेता. नुसते पुढे उभे राहणे एकट्याला जमते. नेणे मात्र एकट्याला जमत नाही, कारण त्यासाठी मागून कोणीतरी यावे लागते. मग माणसे एखाद्याच्या मागून का जातात? कधी भीतीने जातात, कधी लाभाच्या आशेने जातात आणि कधी विश्वासाने जातात. भीती ही छडी दिसेनाशी होईपर्यंत टिकते. लाभाची आशा लाभ संपेपर्यंत टिकते. विश्वास मात्र दोन्ही संपल्यावरही उरतो. हा विश्वास ज्याच्यावर उभा राहतो, त्याला आपण चारित्र्य म्हणतो.

मी मुख्याध्यापक असतानाची एक गोष्ट सांगतो. आमची शाळा लहानशा गावात होती. पिण्याच्या पाण्यासाठी व्हरांड्यात एक मोठा रांजण ठेवलेला असे. तो भरण्याचे काम सातवीच्या वर्गाकडे होते. वर्गनायक म्हणून मी एका उंच, धीट व खणखणीत आवाजाच्या मुलाची निवड केली होती. त्याने एका वहीत पाळ्या लिहिल्या आणि कोणी कोणत्या दिवशी विहिरीवरून पाणी आणावयाचे ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखविले. पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात एकाने पाळी चुकविली, मग दुसऱ्याने चुकविली. वर्गनायक ओरडू लागला, नावे लिहू लागला. तो जितका ओरडे, तितकी मुले अधिक टाळाटाळ करीत. शेवटी एका दुपारी रांजण कोरडा पडला आणि पहिलीतली लहान लहान मुले रिकामा पेला हातात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तो रांजण अर्धा भरलेला! त्याच वर्गातील एक अबोल मुलगी शाळा भरण्याच्या आधी येऊन कळशीने पाणी आणीत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्याजवळ वही नव्हती आणि हुद्दाही नव्हता. मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. काल तो तहानेला घरी आला.” तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दोन मैत्रिणी आल्या. आठवडा संपला तेव्हा सहा जण येऊ लागले होते आणि रांजण काठोकाठ भरत होता. ह्या गोष्टीचा शेवट मी पुढे सांगणार आहे. तूर्त एवढेच ध्यानात घ्या, की वही एकाच्या हातात होती आणि वर्ग दुसरीच्या मागून चालला होता. अधिकार देता येतो. पुढारीपण मात्र मिळवावे लागते.

ते कसे मिळवावयाचे? पहिली गोष्ट ही, की जे दुसऱ्याला सांगावयाचे ते आधी स्वतः करावयाचे. गाडगेबाबांचे चरित्र हे ह्याचे मोठे उदाहरण आहे. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हातात खराटा, जवळ एक फुटके मडके आणि अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एवढाच त्यांचा संसार होता. एखाद्या गावात गेले, की ते प्रथम झाडू लागत. बघ्यांना आधी नवल वाटे, मग संकोच वाटे आणि मग त्यांच्यातलेच काही जण खराटा हाती घेत. दिवसा असे गाव झाडून झाले, की रात्री बाबा कीर्तनाला उभे राहत आणि कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुकी जनावरे मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शिकवा, असे लोकांना कळवळून सांगत. लोक ते ऐकत, कारण बोलणाऱ्याचे हात दिवसभर काय करीत होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. स्वतः मात्र १९५६ साली देह ठेवीपर्यंत ते फकिरासारखेच राहिले. पुढे महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेची मोहीम सुरू केली, तेव्हा तिला गाडगेबाबांचेच नाव दिले.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकून घेणे. पुढाऱ्याने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असे आपण समजतो. परंतु आषाढी वारीत एक फार सुंदर रीत आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या चालतात. पालखी मुक्कामाला पोहोचली, की सायंकाळी समाजआरती होते. हजारो वारकरी टाळमृदंगांच्या गजरात उभे असतात. चोपदार आपला दंड वर उचलतो आणि क्षणात तो सगळा गजर थांबतो. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. तेव्हा तिला कोणी दटावीत नाही. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे विचारून घेतो आणि त्याचा निवाडा करतो. त्या दिंडीचे टाळ थांबले, की मग कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले ते सांगितले जाते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ जाहीर होते आणि त्यानंतर आरती होते. पाहा, दंड वर करताच हजारोंना शांत करणारा मनुष्य एका लहानशा दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी साऱ्यांना थांबवून धरतो! म्हणूनच त्याच्या दंडाला मान आहे. तुमच्या खेळातही असेच करून पाहा. ‘मला एकदाही डाव मिळाला नाही’ असे म्हणणारा लहान मुलगा रडका नसतो. त्याचे टाळ अजून वाजत असतात, एवढेच.

तिसरी गोष्ट अशी, की हाती घेतलेल्या कामाची झीज पुढाऱ्याने आधी स्वतः सोसावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास त्यांनी वसतिगृह चालविले. त्यात निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहत आणि एकाच पंक्तीत जेवत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या त्या मुलांची आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. लक्ष्मीबाईंनी सभा गाजविल्या नाहीत. परंतु भाऊरावांचे नाव ज्या वृक्षासारखे विस्तारले, त्याच्या मुळांना पाणी कोणी घातले, हे आपण विसरता कामा नये. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि वटवृक्षाचे बी तर मोहरीपेक्षाही लहान असते!

चौथी गोष्ट सातत्याची. एक दिवस चांगले वागणे कोणालाही जमते. चारित्र्य रोजच्या वागण्यावरून कळते. महर्षी धोंडो केशव कर्वे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. विधवा स्त्रियांना आणि मुलींना आधार मिळावा व शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १८९६ साली आश्रमाची स्थापना केली. १९०० साली तो आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे एका झोपडीत गेला. कॉलेजातील शिकवणे आटोपले, की कर्वे पायी हिंगण्यास जात. लोकांनी त्यांची निंदा केली, काहींनी त्यांच्याशी व्यवहार सोडला. परंतु त्यांनी उलट निंदा केली नाही आणि चालणेही सोडले नाही. १९१६ साली त्यांनीच स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, म्हणजे त्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, राष्ट्राने त्यांना ‘भारतरत्न’ दिले. झोपडीपासून विद्यापीठापर्यंतची ती वाट एका उडीत पार झालेली नाही. ती पावलापावलाने चालून झाली.

आता पाचवी गोष्ट. ती सर्वांत अवघड आहे, आणि ती सांगण्यासाठी मला मघाच्या रांजणाकडे परत गेले पाहिजे.

त्या मुलीचे कौतुक मी भर वर्गात केले, आणि त्याच वेळी वर्गनायकाला उभे करून खूप बोललो. “पाळीच्या वहीत तुझे स्वतःचे नाव एकदाही का नाही?” असे मी त्याला विचारले. त्याने मान खाली घातली. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “गुरुजी, वही ज्याच्याकडे असते त्याने पाणी भरायचे नसते, असे मला वाटले. हजेरीचे पुस्तक तुमच्याकडे असते. तुम्हीही कधी भरीत नाही.”

वर्ग एकदम शांत झाला. क्षणभर मला राग आला. ते उद्धटपणाचे बोलणे आहे, असे म्हणून मी त्याला बाहेर उभे करू शकलो असतो. तेवढा अधिकार माझ्याजवळ होता. परंतु त्या मुलाच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. त्याने मला पाहिले होते आणि तो माझ्यासारखा वागला होता, इतकेच. मी व्हरांड्यातून रोज जात होतो. रांजण कोरडा पडलेला मलाही दिसला होता. मीसुद्धा, तो कोणी भरला नाही, एवढेच विचारले होते. माझे शब्द घशातच राहिले. थोड्या वेळाने मी मुलांना म्हणालो, “ह्याचे म्हणणे खरे आहे. चूक आधी माझी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. सवय नसल्यामुळे निम्मे पाणी वाटेतच सांडले आणि मुले तोंड लपवून हसली. पण त्यांच्या आधी एक जण तेथे येऊन पोहोचला होता. तो आमचा वर्गनायक होता. त्याने आपली कळशी खाली ठेवली आणि माझ्या हातातली घेतली. त्या वर्षी तो रांजण पुन्हा कधी रिकामा राहिला नाही. वहीची मात्र गरज उरली नाही.

चूक कबूल केली तर आपला मान जाईल, अशी आपल्याला भीती वाटते. माझा अनुभव निराळा आहे. चूक झाकणाऱ्याविषयी माणसांच्या मनात शंका राहते. ती कबूल करून सुधारणाऱ्याविषयी विश्वास वाढतो. मात्र कबुली नुसत्या शब्दांची नसावी; तिच्या पाठोपाठ हातांनी कामाला लागावे.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे गावाचा, संस्थेचा, कदाचित राज्याचाही कारभार पाहाल. बहुतेक जण साध्या घरांत साधी कामे कराल. परंतु दोघांचीही तयारी आज एकाच ठिकाणी होते. वर्गात पडलेला कागद कोणी पाहत नसताना उचलणे, दिलेल्या वेळी दिलेल्या जागी हजर राहणे, मिळालेल्या शाबासकीत सोबत्यांचा वाटा सांगणे, लहानांचे म्हणणे ऐकून घेणे, ‘माझे चुकले’ असे म्हणता येणे, ह्या गोष्टींना पैसा लागत नाही, हुद्दा लागत नाही, मोठा आवाजही लागत नाही. आणि दुसरा कोणी चांगल्या कामासाठी पुढे झाला, तर त्याच्या मागे मनापासून उभे राहणे, हाही पुढारीपणाचाच भाग आहे. ती अबोल मुलगी पहिल्या दिवशी एकटी होती. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दोन मैत्रिणी गेल्या नसत्या, तर रांजण अर्धाच राहिला असता.

तुमच्याही शाळेत, घरात, आळीत असा एखादा रांजण असेल. तो कोणी भरला नाही, हे विचारीत बसू नका. कळशी उचला.