आतड्यांतील जंतू व कर्करोग

जंतू हा शब्द कानी पडताच पटकी, विषमज्वर, क्षय असल्या दुखण्यांची आठवण व्हावी हे साहजिक आहे. जंतू म्हणजे शत्रू, व शत्रूचा निःपात झाला म्हणजे आरोग्य लाभले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण अपुरी खास आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे मनुष्याच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जंतू असतात, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. म्हणजे घरमालकापेक्षा बिऱ्हाडकरूच संख्येने अधिक! यांपैकी बहुतेकांची वस्ती असते पाचएक फूट लांबीच्या मोठ्या आतड्यात.

ही वस्ती कशी नांदते हे समजण्यास दूर जावयास नको. मुंबईच्या उपनगरांतील चारकोप येथे 1985 नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने लहान लहान भूखंड आखले गेले, व सामाईक अंगणाभोवतीच्या घरांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. अशा सोसायटीत रहिवासी गुण्यागोविंदाने राहत असले म्हणजे उपऱ्यास सहज शिरकाव मिळत नाही. आतड्यातही तोच न्याय. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतील जो चोथा माणसास पचत नाही, तो तेथील उपकारक जंतू आंबवितात व त्यापासून ब्युटिरेट नावाचे द्रव्य तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हेच मुख्य अन्न होय. दाह शमविणे व अस्तर धड राखणे ही कामेही त्याच्याकडून होतात.

आता कर्करोगाकडे वळू. आतड्याच्या अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत झडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. प्रत्येक नवी पेशी घडताना डी. एन. ए. या आनुवंशिक द्रव्याची नक्कल करावी लागते. या नकलेत चुका साठत गेल्या, तर एखादी पेशी बेबंद वाढू लागते. प्रथम लहानसा कोंब उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. पण जो बिघडतो त्यास कर्करोगाचे रूप यावयास बहुधा दहाएक वर्षे लागतात. प्रश्न असा, की या चुका घडविण्यात जंतूंचा हात असतो काय?

संशयितांत दोन नावे ठळक आहेत. पहिले नाव फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा जंतू मूळचा तोंडातला. दातांवरील किटणात राहणारा. 2011 साली कॅनडातील व अमेरिकेतील दोन निरनिराळ्या संशोधकगटांना तो मोठ्या आतड्याच्या कर्कगाठींत निरोगी भागापेक्षा पुष्कळ अधिक आढळला. 2017 साली, अशा गाठी वाढविलेल्या उंदरांना जंतुनाशक औषध दिले असता गाठींची वाढ मंदावल्याचे दिसले. मुंबईजवळ खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तेथील डॉ. अमित दत्त यांच्या गटास 2022 साली हाच जंतू भारतीय रोग्यांच्या जिभेच्या कर्करोगातही आढळून आला.

दुसरा संशयित आपल्या अधिक परिचयाचा. एश्चेरिशिया कोलाय हा जंतू बहुतेकांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतो; पण त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष डी. एन. ए.चे दोन धागे एकमेकांस जखडून टाकते, हा शोध 2006 नंतरच्या संशोधनातून लागत गेला. 2020 साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या आतड्याच्या पेशींवर हे जंतू पाच महिने सोडले, तेव्हा पेशींत ठराविक ठशाच्या चुका उमटल्या. तोच ठसा काही रोग्यांच्या गाठींतही सापडला. 2025 साली अकरा देशांतील 981 रोग्यांच्या गाठी तपासल्या असता, चाळिशीच्या आत रोग झालेल्यांत हा ठसा सत्तरीनंतरच्या रोग्यांपेक्षा सुमारे 3.3 पट अधिक दिसला. ही खूण बालपणीच उमटत असावी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.

परंतु चोरीच्या जागी सापडलेला प्रत्येक इसम चोर नसतो. गाठ झाल्यामुळे जंतू तेथे जमले, की जंतूंमुळे गाठ झाली, हा वाद फ्यूजोबॅक्टेरियमच्या बाबतीत पुरता मिटलेला नाही. कोलिबॅक्टिनचा ठसा हा अधिक सबळ पुरावा खरा. तथापि ते जंतू अंगी बाळगणाऱ्या बहुसंख्य लोकांस हा रोग होत नाही. म्हणून या भीतीने स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक गोळ्या घेणे हे शहाणपणाचे नव्हे. त्यांनी उपकारक बिऱ्हाडकरूही हुसकले जातात.

आहाराचा मार्ग त्यापेक्षा निर्धोक. 2015 साली एक मोठा उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय व दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतील वीस रहिवासी यांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. चोथायुक्त आहारावर आलेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले व दाहाची चिन्हे घटली. मांस व चरबी अधिक खाऊ लागलेल्या आफ्रिकनांत नेमके उलट घडले. दोन आठवड्यांत कर्करोग होतो किंवा टळतो असे यावरून सिद्ध होत नाही. पण ताटातील पालट जंतूंना किती लवकर कळतो, हे मात्र दिसते.

पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात या रोगाचे प्रमाण थोडे आहे. तरीही निर्धास्त राहण्याजोगी स्थिती नाही. परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2017 साली 800 रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचे सरासरी वय सुमारे 47 वर्षे होते. आपली लोकसंख्याच तरुण, हे त्याचे एक कारण असेल. तथापि घरातील कर्त्या माणसाचेच हे वय होय. निदानापूर्वी सरासरी चार महिने रोगाची लक्षणे चालू होती, असेही त्या पाहणीत दिसून आले.

हे महिने कशात जातात? शौचावाटे रक्त पडू लागले म्हणजे मूळव्याध असेल, असे रोगी स्वतःच ठरवितो. लोकलच्या डब्यात चिकटविलेल्या जाहिराती त्यास दुजोरा देतात. संकोचामुळे बायकोमुलांसही तो सांगत नाही. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ती आहे की नाही हे डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे. रक्त पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला पालट, विनाकारण वजन घटणे किंवा पंडुरोग, यांपैकी काहीही दिसल्यास तपासणी टाळू नये. आईबाप वा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये. दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप सापडला तर तो बहुधा त्याच वेळी काढता येतो, आणि पुढची दहा वर्षांची वाटचाल तेथेच खुंटते. जंतूंचा खटला शास्त्रज्ञ चालवीत आहेत, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. रक्त दिसताच डॉक्टरांकडे जाण्यासाठी त्या निकालाची गरज नाही.