बुलढाणा जिल्ह्यातील महिला उद्योजकांच्या संघटना

बुलढाणा जिल्ह्यातील महिला उद्योजकांच्या संघटना म्हणजे छोटा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी कर्ज, बाजारपेठ आणि शासनदरबारी दाद मिळवण्यासाठी उभारलेले संघ होत. मोठ्या शहरांत अशा संघटना प्रामुख्याने व्यापारी मंडळांच्या स्वरूपात आढळतात. पश्चिम विदर्भातील या कृषिप्रधान जिल्ह्यात त्यांचा मुख्य पाया महिला बचत गट हा आहे.

पार्श्वभूमी

व्यवसायासाठी कर्ज घेताना सहसा तारण मागितले जाते. शेतजमीन व घर बहुधा पुरुषाच्या नावावर असल्याने स्त्रीची पत कागदावर दिसत नाही. ही अडचण इतरत्रही होती. अमेरिकेतील काही राज्यांत स्त्रीला व्यवसायासाठी कर्ज घेताना पुरुष नातेवाइकाची सही आवश्यक असे. महिला उद्योजकांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर १९८८ च्या कायद्याने ही अट रद्द झाली.

भारतात नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. गटाची नियमित बचत व परतफेड हीच त्याची पत मानून विनातारण कर्ज देणे, हे या उपक्रमाचे तत्त्व होय.

रचना

एका गटात साधारणतः १० ते २० स्त्रिया असतात. गटांचे संघ दोन प्रमुख यंत्रणांमार्फत उभे राहिले आहेत.

महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम): याची स्थापना १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली. अनेक गावांतील गट एकत्र येऊन 'लोकसंचलित साधन केंद्र' स्थापन होते. केंद्राचा कारभार गटांतून निवडलेल्या स्त्रिया पाहतात.

उमेद (महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान): हे अभियान २०११ साली सुरू झाले. यात गटांचा ग्रामसंघ व ग्रामसंघांचा प्रभागसंघ बनतो.

कार्य

डाळ, मसाले, पापड, शेवया तयार करणे किंवा शिवणकाम यांसारख्या व्यवसायांत एकट्या स्त्रीला कच्चा माल किरकोळ दराने घ्यावा लागतो आणि तयार माल गावातच विकावा लागतो. संघामुळे एकत्रित खरेदी, वेष्टन, अन्नपरवाना, हिशेबलेखन व प्रदर्शनांतील सहभाग शक्य होतो. 'महालक्ष्मी सरस' हे प्रदर्शन अशा विक्रीचे परिचित माध्यम आहे.

धोरणात्मक पाठपुरावा

संघटित मागणीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे आहे. तेथील महिला सहकारी बँकेचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज सभासद निरक्षर असल्याच्या कारणावरून नामंजूर झाला. त्या स्त्रियांनी लिहिणे-वाचणे शिकून रिझर्व्ह बँकेपुढे पुन्हा आपली बाजू मांडली आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

केंद्र शासनाच्या २०१८ मधील दुरुस्तीनुसार केंद्रीय खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतील ३ टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. मात्र नोंदणी नसलेल्या घरगुती व्यवसायास हा लाभ घेता येत नाही. त्यामुळे सभासदांच्या व्यवसायांची नोंदणी करून देणे हे संघांचे महत्त्वाचे काम ठरते.

मर्यादा

अनेक गट बचत व अंतर्गत कर्जवाटप यांपुढे जात नाहीत. एकाच प्रकारची उत्पादने, प्रदर्शनांपुरती विक्री आणि अनुदानावरील अवलंबित्व या प्रमुख अडचणी आहेत. बचत गट स्त्रीला कर्ज मिळवून देतो. परंतु कायम ग्राहक मिळवणे आणि नियम बदलून घेणे यांसाठी गटांच्या पलीकडील संघ सक्षम असावा लागतो.