घरचे मैदान



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी खेळाच्या तासाला अभ्यासाचाच तास मानीत. म्हणून आज मी वास्कोच्या टिळक मैदानाविषयी बोलणार आहे. प्रश्न साधा आहे. फुटबॉल क्लबाचे ‘घरचे मैदान’ म्हणजे नेमके काय?

वास्को (स्थापना १९५१) आणि साळगावकर (स्थापना १९५६) हे आपल्या शहराचे दोन नामांकित क्लब. त्यांपैकी साळगावकरने १९९८-९९ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली; हा मान मिळविणारा तो गोव्यातील पहिला क्लब. वडिलांचे बोट धरून मी या मैदानावर जात असे, तेव्हा हे मैदान कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न मला कधी पडला नाही. ते आपलेच वाटे.

लीगमध्ये सामान्यतः प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो. एकदा घरी, एकदा परगावी. घरी खेळणाऱ्याचे पारडे जड असते, हे जगभर दिसून आले आहे. त्याची कारणे तीन सांगितली जात. प्रवासाचा शीण नसतो, गवत आणि हवा ओळखीची असते, आणि प्रेक्षक आपले असतात. यांतील कोणत्या कारणाचे वजन किती, हे ठरविणे मात्र कठीण होते. कारण तिन्ही नेहमी एकत्रच नांदत.

महामारीने ती गाठ सोडविली. १६ मे २०२० रोजी जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या प्रेक्षागारांत पुन्हा सुरू झाली. मैदाने तीच, खेळाडूही तेच. तरी यजमान संघांचे विजय ठळकपणे घटले. युरोपातील सामन्यांच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट आढळली. एरवी पाहुण्या संघाला पंच अधिक पिवळी कार्डे दाखवीत. गर्दी नसताना हा फरक बराच कमी झाला. म्हणजे प्रेक्षकांचा गजर पंचांच्या निर्णयापर्यंत पोहोचत होता.

हाच अनुभव आपल्या दारी आला. नोव्हेंबर २०२० पासून इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. त्यांत टिळक मैदान होते. अकरा संघांपैकी एकही वास्कोचा नव्हता. बहुतेकांचे घर तर शेकडो कोस दूर होते. कागदावर एक संघ यजमान, दुसरा पाहुणा. माझ्या गच्चीवरून मैदानाच्या दिव्यांचा उजेड दिसे. आवाज मात्र येत नसे. एवढे प्रकाशलेले मैदान इतके परके मी कधी पाहिले नव्हते.

त्याआधी, २०१६ मध्ये, राष्ट्रीय महासंघाने आखलेली लीगची नवी रचना न पटल्याने साळगावकरने आय-लीगमधून माघार घेतली होती. त्या निर्णयाची चिकित्सा जाणकारांनी करावी. मला जाणवते ते एवढेच की, घरच्या संघाची मोठी लढत पाहायला मुलाचे बोट धरून निघण्याचे निमित्तच आपल्या हातून गेले.

मित्रहो, मैदान बांधता येते, दिवेही लावता येतात. त्याला घरपण देतात ती तेथे जाणारी माणसे. स्थानिक सामने आजही होतात. पुढच्या सामन्याला आपण जावे, आणि सोबत एखादे मूल न्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.