कॅमेऱ्याचा पत्ता

पुण्याच्या शनिवार पेठेत शनिवारवाडा आहे. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचे बांधकाम सुरू केले आणि १७३२ साली वाडा उभा राहिला. त्याच्या दिल्ली दरवाजावर मोठमोठे अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून ते बसवलेले आहेत. वाड्याभोवती तट, तटाला बुरूज आणि बुरुजांवर पहारेकरी अशी त्या काळची व्यवस्था होती. पहारेकऱ्याने काय पाहिले हे मात्र तो सांगेल तेवढेच कळत असे.

आज या पेठेतील चौकांत, दुकानांत आणि बँकांत कॅमेरे पहारा करतात. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला आणि १७ माणसे प्राणास मुकली. १ ऑगस्ट २०१२ रोजी नदीपलीकडे जंगली महाराज रस्त्यावर पुन्हा स्फोट झाले. त्यानंतर, २०१५ च्या सुमारास, पुणे व पिंपरी-चिंचवड येथे बाराशेहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे राज्य शासनाने उभारले. दुकानदाराचे चार कॅमेरे असोत की शहराचे बाराशे, त्यांची मांडणी मुळात एकाच पद्धतीची असते.

नेटवर्क कॅमेरा हा खरे तर एक छोटा संगणकच आहे. स्वीडनमधील अ‍ॅक्सिस या कंपनीने १९९६ साली असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. तो सेकंदाला जेमतेम एक लहानसे चित्र पाठवी. आजचे कॅमेरे सेकंदाला पंचवीस मोठी चित्रे सहज पाठवतात. ही सारी चित्रे एका संगणकाकडे जातात. तेथील सॉफ्टवेअर ती पडद्यावर दाखवते, साठवते आणि मागू तेव्हा शोधून देते. कॅमेरा पहारेकरी असेल, तर हे सॉफ्टवेअर म्हणजे त्याचे दफ्तर! दफ्तर हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे.

कॅमेरा भिंतीवर बसवणे सोपे असते. त्याला वीज आणि चित्र यांसाठी दोन तारा लागत नाहीत. नेटवर्कच्या एकाच तारेतून दोन्ही कामे होतात. फक्त ही तार १०० मीटरपेक्षा लांब असून चालत नाही.

खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रत्येक कॅमेऱ्याला एक पत्ता द्यावा लागतो. पेठेतील घराचा पत्ता कसा असतो ते आठवा: आधी घराचा क्रमांक, मग पेठेचे नाव. १२ क्रमांकाचे घर शनिवार पेठेत असते आणि नारायण पेठेतही असते, तरी टपाल चुकत नाही. पण एकाच पेठेत दोन घरांना १२ हाच क्रमांक दिला तर पोस्टमन काय करील? कॅमेऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.२१ असा आकड्यांचा असतो. त्याचा पहिला भाग पेठेसारखा आणि शेवटचा आकडा घरासारखा समजावा. दोन कॅमेऱ्यांना एकच पत्ता मिळाला, तर कधी एकाचे चित्र दिसते, कधी दुसऱ्याचे, तर कधी कोणाचेच नाही. पत्ता आपोआप बदलत राहिला तरी सॉफ्टवेअरला कॅमेरा सापडत नाही. म्हणून तो कायमचा ठरवून वहीत लिहून ठेवतात. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे बरेच घोटाळे त्यामुळे टळतात.

पत्त्याबरोबरच पासवर्ड बदलायचा. कारखान्यातून आलेला पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच जुने पासवर्ड वापरून हजारो कॅमेरे ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यामुळे अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. पहारेकरीच चोराला सामील झाले म्हणायचे!

मग घड्याळ. विसर्जनाच्या मिरवणुकीत एखादे मूल हरवले असे समजा. ते आठ वाजता पहिल्या चौकातून गेले आणि आठ वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्या चौकात पोचले. पण पहिल्या कॅमेऱ्याचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर? चित्रावर तेथे ८.१० दिसेल आणि दुसरीकडे ८.०५. शोधणारे लोक उलट दिशेला धावतील. म्हणून सर्व कॅमेऱ्यांना वेळ एकाच ठिकाणाहून देतात.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी आणि सॉफ्टवेअरने एकमेकांशी बोलावे कसे? यासाठी अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ साली ‘ऑनव्हिफ’ नावाची एक सामाईक भाषा ठरवण्याचे काम सुरू केले. पुष्कळ कॅमेऱ्यांत ती सुरुवातीला बंद असते. ती चालू करून तिच्यासाठी वेगळे नाव व पासवर्ड द्यावा लागतो. कधी पासवर्ड बरोबर असूनही कॅमेरा दाद देत नाही. अशा वेळी घड्याळ पाहावे. दोघांच्या वेळेत फार फरक असला, तर कॅमेरा तो निरोप शिळा समजून नाकारतो.

आता साठवणीचा हिशेब करू. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट माहिती पाठवतो असे धरा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट झाले. तीस दिवसांचे सुमारे १,३००, आणि सोळा कॅमेऱ्यांचे सुमारे २१,००० गिगाबाइट. डिस्क भरली की सॉफ्टवेअर सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिते. चोरी महिनाभराने लक्षात आली तर तोवर पुरावा गेलेला असतो! २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याविषयी आदेश दिला, तेव्हा चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपावे असे सांगितले.

चित्रण जपले तरी ते खरे आहे हे कसे ठरवायचे? शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रात ‘धरावे’ असे होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. आज चित्रणाच्या फाइलवरून संगणक ‘हॅश’ नावाची एक लांबलचक खूण काढतो. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी खूण पार बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार अशा पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यायचे, त्यात ही खूण लिहावी लागते.

आणखी एक गोष्ट उरते. पेठेतील गल्ल्या अरुंद आहेत. दुकानाच्या दारावर लावलेल्या कॅमेऱ्यात समोरच्या घराची खिडकीही येते. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. त्यामुळे कॅमेरा लावणाऱ्याने शेजाऱ्याला विचारावे, कॅमेरा थोडा वळवावा. तेही जमत नसेल, तर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा एखादा भाग झाकण्याची सोय असते. मग पडद्यावर दुकानाचे दार दिसते, गल्ली दिसते, आणि खिडकीच्या जागी फक्त एक काळा चौकोन.